सोबत बसणाऱ्यांची सोबत

मी, हेस्टर ॲन थर्लवेल, वय एकाहत्तर, राहणार कोस्टगार्ड आळी, क्रॅस्विक, नॉर्थम्बरलँड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. शरीर थकले आहे. डोके ठिकाणावर आहे, याची खात्री डॉक्टरांनी कालच करून घेतली. याआधीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. क्रॅस्विकच्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे जिथे माणसे शेवटचे दिवस काढायला येतात तिथे, मी एकोणीस वर्षे परिचारिका आणि स्वयंसेवकांची प्रमुख होते. आज तिथेच रुग्ण आहे.

२. माझे राहते घर विकून त्या रकमेतून हॉस्पिसने एक माणूस पगारावर नेमावा. त्याने रुग्णांकडे पाहायचे नाही. रुग्णांजवळ बसणाऱ्यांकडे पाहायचे. याचे कारण लिहिणे मला भाग आहे.

नॉर्मन चार्लटन हा निवृत्त बसचालक दर गुरुवारी यायचा. जिम रॉबसन नावाच्या कोळ्याला तो अकरा आठवडे वर्तमानपत्र वाचून दाखवत होता. जिम मंगळवारी वारला. घरच्यांना कळवले, डॉक्टरांना कळवले. नॉर्मनला कळवायचे मी विसरले. गुरुवारी तो वर्तमानपत्र घेऊन आत गेला, तेव्हा त्या पलंगावर दुसराच माणूस जेवत होता. नॉर्मन त्याला "सावकाश होऊ द्या" म्हणाला आणि निघून गेला.

तीन आठवडे तो फिरकला नाही, तेव्हा मी त्याच्या घरी गेले. त्याने चहा केला.

"सिस्टर," तो म्हणाला, "जिमला मूठमातीही देऊन झाली. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही हो."

"चुकलं माझं," मी म्हणाले. सबब सांगितली नाही.

त्याने माझ्यापुढे कप सरकवला. मग म्हणाला, "आणि तुम्हाला कोण विचारतं, एखादा गेला की?"

कुणीच विचारत नव्हते. मी त्याच्या स्वयंपाकघरात बसून रडले.

त्यानंतर दर बुधवारी दुपारी आम्ही एकत्र बसू लागलो: परिचारिका, स्वयंपाकीण, सफाईवाले, स्वयंसेवक. गेलेल्याचे नाव घ्यायचे, वाटेल त्याने बोलायचे. पहिल्याच बुधवारी नॉर्मन आला.

३. त्या वेळच्या संचालकांनी "चहापाण्यात तास घालवता" म्हणून आमची खोली कपाटे ठेवायला घेतली. आम्ही धुलाईघरात उभ्याने जमू लागलो. त्यांच्यासाठी मी काहीही ठेवत नाही. रागही ठेवत नाही, कारण त्यांची आई आमच्याकडे वारली तेव्हा ते स्वतःच धुलाईघराच्या दारात येऊन उभे राहिले. पुढच्या आठवड्यात खोली परत मिळाली.

४. माझे गणवेशावर लावायचे घड्याळ परिचारिका ग्रेस ओकाफोर हिला द्यावे. पहिल्या मृत्यूनंतर ती राजीनामा घेऊन आली होती. "जाऊ नकोस" असे मी म्हटले नाही. "जरा बस" म्हटले. ती अजून आहे.

५. आईची चिनीमातीची भांडी माझी बहीण डोरीन हिने न विचारता आधीच नेली आहेत. ती तिचीच समजावीत.

६. माझी मोटार नॉर्मनला देण्याचे मी ठरवले होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचे त्याला साक्षीदार होता येत नाही. नॉर्मनने खुर्ची पलंगाजवळ ओढली. "मग मोटार द्या दुसऱ्या कुणाला," तो म्हणाला, "मी साक्षीला बसतो."

मोटार हॉस्पिसला द्यावी.

खालील दोघांच्या देखत, शुद्धीत सही केली.

हेस्टर ॲन थर्लवेल

साक्षीदार:
१. नॉर्मन चार्लटन, निवृत्त बसचालक
२. आयव्ही डॉड्स, स्वयंपाकीण

क्रॅस्विक, २१ फेब्रुवारी २०१९