सोलू नकोस

प्रिय मालसुनताई,

व्हँकुव्हरहून तुझ्या ओकबुनचा नमस्कार. माझा गुडघा आता दुखत नाही आणि लेक मिजूची किमची चांगली मुरते, तेव्हा काळजी करू नकोस. तिकडे जिंजूत थंडी पडली का?

काल नात येरिनने माझं चित्र काढून दाखवलं. मी म्हटलं, "हे हात आहेत की सुकवलेले मासे? लोक हसतील! च्च!" ती इंग्रजीत म्हणाली, "डोन्ट पुट मी डाउन." सिस्टरांच्या शाळेतल्या इंग्रजीच्या भरवशावर मी हसले, "अगं, तुला उचललंय कुठे, खाली ठेवायला?"

स्वयंपाकघरातून मिजू म्हणाली, "आई, सोलू नकोस म्हणतेय ती."

आपण कोरियनमध्ये ज्या शब्दाने नासपती सोलतो, त्याच शब्दाने माणसालाही कमी लेखतो, तेच ते. येरिन दार लावून बसली.

ताई, ते 'लोक हसतील' माझं नव्हे, आपल्या आईचं होतं. शेवटचं 'च्च'सुद्धा तिचंच. ती जाऊन इतकी वर्षं झाली, तरी समुद्र ओलांडून माझ्या तोंडात येऊन बसली आहे.

येरिनचं कौतुक करायला तोंड उघडलं, तर पुन्हा आईच बोलेल अशी भीती वाटते. तुला ती कधी 'छान' म्हणाली होती का? म्हणाली असेल तर कशी म्हणाली, ते लिहून पाठव.

तुझी धाकटी,
ओकबुन