ओट्याच्या पायऱ्या

४ फेब्रुवारी

आलं ते – साल लाकडाच्या फळ्या २४०० रु., स्क्रूची डबी १८०, वार्निश ३१०. फ्रीगंजच्या बाजारातून लोडिंग रिक्षावाला २५० मागत होता, २३० दिले.

परसात कडुनिंबाखाली केदारने दिवाळीत लाकडी ओटा करवला. तो ‘डेक’ म्हणतो. पायऱ्या राहिल्या आणि पोरगा पुण्याला परत गेला. मी आपली स्टुलावरून चढते. पण आता कुसुमवन्सं यायच्यात. हे गेल्यापासून या घरात दुसरं ताट वाढलेलं नाही. देवासला त्याही एकट्याच. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून कार्ड घालतात. लिहिलंय – आठ दिवस राहून बघते, पटलं तर सामान घेऊन कायमची येते. घरात मला कोंडल्यासारखं होतं, तुझा तो ओटा बघू.

६ फेब्रुवारी

मिस्त्री माप घेऊन गेला. ओटा सवादोन फूट उंच. “चार सीढ़ी बना दूँ काकीजी, आराम से चढ़ेंगी.”

ओटा धरून चार कशा? उजव्या पायानं चढायला सुरुवात केली की वरही उजवाच पडायला हवा. हे म्हणायचे, सम पायऱ्यांच्या घरात माणूस टिकत नाही. पाच करायच्या तर तुळशीवृंदावन मध्ये येतं. ते कसं हलवणार! ओटा धरून तीनच सांगितल्या. “ऊँची पड़ेंगी,” म्हणाला. पडू देत.

९ फेब्रुवारी

झाल्या. पहिल्या पायरीला हळदकुंकू वाहिलं. वर बसून चहा घेतला. एकटीनंच.

१३ फेब्रुवारी

वन्सं आल्या. गुडघे फार गेलेत त्यांचे. पाय उचलून ठेवला, माझ्या खांद्याला धरून दोनदा जोर केला – नाही जमलं. पहिल्याच पायरीवर बसल्या. “जयू, ही पायरी की घोडा गं? आता चढायला नवरदेव आण.” मी हसले. उद्या जमेल म्हटलं. “उद्या काय नवे गुडघे येणारेत?”

संध्याकाळी खाली खुर्ची टाकली. नको म्हणाल्या. खोलीत भिंतीकडे बघत पडून राहिल्या.

१५ फेब्रुवारी

आठ दिवस कुठले! सकाळी नानाखेड्याच्या स्टँडवर बसमध्ये बसवून आले. पाठीवरून हात फिरवला त्यांनी. “बघू पुढं,” एवढंच.

१६ फेब्रुवारी

कणीक दोघींची भिजवली.

१९ फेब्रुवारी

जपात मन लागत नाही. पायऱ्या विषम ठेवल्या, तरी माणूस गेलंच ना. ह्यांच्या फोटोपुढे बसून विचारलं, काय करू. मग मिस्त्रीला बोलावलं. “अब चार? पक्का?” पक्का म्हटलं. मजुरी पुन्हा भरावी लागणार. भरते.

२२ फेब्रुवारी

वर आता डावं पाऊल पडतं. पडू दे. कार्ड टाकलं –

ती. कुसुमवन्संना जयूचा शि. सा. नमस्कार वि. वि. पायऱ्या मोडून चार बुटक्या करवल्या. सामान घेऊनच यावं. कोणत्या बसनं निघता ते उलट टपाली कळवावं, स्टँडवर येते.