भिंतीचा सकाळचा रंग

माझे प्रिय धाकटे मेहुणे यांस,

थोरल्या दाजींचे अनेक आशीर्वाद. तुमचा गुडघा आता कसा आहे, ते सविस्तर कळवावे. वहिनींचा खोकला थांबला असेल, अशी आशा करतो. (नसल्यास त्यांना कमी बोलण्यास सांगावे, अर्थात स्वतःच्या जबाबदारीवर.) माझी प्रकृती उत्तम आहे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला असून त्यात रोज सकाळी औषधाचे थेंब घालतात, एवढेच. तक्रार आहे ती भिंतीविषयी.

नातीचे होणारे सासू-सासरे रविवारी प्रथमच घरी येत आहेत. त्यानिमित्त दिवाणखाना रंगवण्याचे ठरले आणि रंग कोणता, तर लॅव्हेंडर! चौथीपर्यंतच्या शिक्षणात मला जांभळा रंग शिकवला गेला. फिका जांभळा मी स्वकष्टाने समजून घेतला आणि तेवढ्यावर माझा संसार निर्विघ्न पार पडला. परंतु सूनबाईंनी दुकानातून रंगांच्या पट्ट्यांचा भलामोठा पंखाच आणला. त्यात एकट्या लॅव्हेंडरची भाऊबंदकी मावत नव्हती. एका छटेचे नाव ‘धुक्यातली कुजबुज’, दुसरीचे ‘लाजरी सायंकाळ’, तिसरीचे ‘आठवणींची सावली’. (रंगाचे नामकरण करताना शुद्धीवर असणे सक्तीचे नसावे.) चिरंजीवांना निळसर हवा, नातीला गुलाबीसर, सूनबाईंना राखाडीकडे झुकणारा. माझ्या मते सर्व पट्ट्या एकाच डब्यातून, कमीअधिक पाणी घालून निघाल्या होत्या. तथापि घरचा कर्ता या नात्याने मी ‘लाजरी सायंकाळ’ हिला मंजुरी दिली.

रंगाऱ्याने काम केले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यात थेंब घालून, तो डोळा मिटून घेऊन मी पाहणीस गेलो, तर भिंतीवर जणू कोणी चहा सांडून वाळवला होता! मी त्यास खडसावले. त्याने मुकाट्याने पुन्हा हात मारला. सायंकाळी भिंत झकास. सकाळी पाहतो, तर पुन्हा चहा! मी त्याच्यावर भेसळीचा उघड आरोप केला. तेव्हा तो ब्रश खाली ठेवून म्हणाला, “काका, डबा तोच, ब्रश तोच, भिंत तीच. आता उरलं काय, ते तुम्हीच शोधा.” आणि शिडी दिवाणखान्याच्या मध्यभागी सोडून निघून गेला.

तेव्हापासून सोफा स्वयंपाकघरात आहे. सूनबाई विचारतात, “बाबा, पाहुण्यांना बसवू कुठे? शिडीवर?” नात तर रडून रडून अबोला धरून बसली आहे. मी रंगारी बदलण्याचा हुकूम दिला, त्यावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही. पूर्वी माझ्या म्हणण्यावर निदान वाद तरी होत असे.

मी मात्र मागे हटणार नाही, हे ध्यानात असावे.

तुमचा,
निर्णयावर ठाम असलेला,
दाजी

ता. क. : आज दुपारी सहज एक डोळा मिटला, मग दुसरा. उजव्याने भिंत लॅव्हेंडर दिसते, डाव्याने चहा. दोष डाव्या डोळ्यातील मोतीबिंदूचा आहे. रंगारी निर्दोष आहे. परंतु हे मी घरात सांगणे शक्य नाही. तरी तुम्ही शनिवारी यावे, भिंत उत्तम आहे असे ठणकावून सांगावे आणि रंगाऱ्यास परत बोलावण्याचा आग्रह धरावा. मी थोडा विरोध करून केवळ तुमच्या शब्दाखातर मान्य करीन.

पुन्हा ता. क. : सूनबाई आत्ताच डोकावून गेल्या. म्हणाल्या, “मामांना लिहिताय का? राहू द्या, मी कालच बोलावलंय त्यांना. रंगारीही येतोय. मामांनी भिंत चांगली म्हटली की तुम्ही ऐकाल, असं डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटून आल्यावर आम्ही सगळ्यांनी ठरवलंय.” सबब हे पत्र टपालात न टाकता, तुम्ही येताच तुमच्या हाती देईन. दाराबाहेरच वाचून घ्यावे आणि आत आल्यावर माझ्याशी जरा जोरात भांडावे. मी पटकन ऐकले, तर त्यांना संशय येईल.