अम्मीच्या बेचाळीस टोप्या

१२ जानेवारी, मुरुड
अम्मीचा गुडघा बदलावा लागणार. अलिबागच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सरळ सांगितलं. मोहल्ल्याच्या जमातीकडे मदत मागू म्हटलं तर अम्मी म्हणाली, "जकातीचं दान माझ्या दारात नको. माझं हात चालू हायेत." म्हणजे क्रोशाच्या टोप्या. वर्षाला आठ-दहा खपतात. या वेगाने गुडघा २०४० साली होईल!

१५ जानेवारी
शाळा सुटल्यावर अब्दुस्समद चाचांकडे गेले. ते जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष. म्हटलं, मदत नको, लोकांना टोप्या विकत घ्यायला सांगा, वाढीव भावाने. फक्त अम्मीला कळता कामा नये. कळलं तर ऑपरेशनवर फुली मारेल, वर माझ्याशी अबोला. चाचा दाढी कुरवाळत राहिले. "जुनेरा बेटी, ही बी खैरातच झाली."
असेना.

२४ जानेवारी
आतापर्यंत अकरा गिऱ्हाइकं. सुटे कोणी परत घेत नाही. अम्मी नेहमीसारखी प्रत्येकाच्या डोक्याभोवती दोरा फिरवते, मापाला गाठ मारते, दोरा खुंटीला अडकवते. माझा भाऊ अदनान तिच्यासमोरच म्हणाला, "गावात एवढी डोकी आली कुठनं?" याच्या तोंडाला कुलूप नाही.

३ फेब्रुवारी
चाचा स्वतः येऊन दोन टोप्या सांगून गेले. "कसल्याबी चालतील." अम्मीने दोरा काढलाच नाही. त्यांच्यानंतर आलेल्या तिघांचंही माप घेतलं नाही. दमली असेल. गुडघा सुजलाय.
आईशी खोटं वागते याचं वाईट वाटतं का? थोडं. फार नाही.

११ फेब्रुवारी
बेचाळीस झाल्या. अम्मीच्या साठवणीत मिळवून ऑपरेशनपुरतं जमलं. मी निवांत.

१९ फेब्रुवारी
घोळ! रमजानच्या आधी मशिदीतले पडदे आणि टोप्या धुवायला मोहल्ल्यातल्या घरांत पाळीने जातात. यंदा टोप्यांची पाळी आमची, हे ना मला आठवलं ना चाचांना. सकाळी गाठोडं आलं. सोडलं तर वर अम्मीची टोपी. खाली अम्मीची. त्याखालीही! लोकांनी विकत घेतल्या आणि नेऊन मशिदीच्या टोपलीत ठेवल्या, उघड्या डोक्याने येणाऱ्यांसाठी. गिऱ्हाइकांना टोपी नकोच होती, हे इतकं उघड्यावर पडलेलं. गाठोडं माळ्यावर टाकणार तोच अम्मी काठी टेकत दारात.
"आण हिकडं."
एकेक टोपी उलटीपालटी करून पाहिली. मग बादली मागितली. मला रडू आलं.

२० फेब्रुवारी
टोप्या धुतल्या. अम्मीने बसल्या जागी खळ दिली. घरातले सगळे तांबे आणि डबे अंगणात, त्यांवर टोप्या वाळत. माफी मागायचं ठरवलं होतं. दिवसभर मेथी निवडली.

२१ फेब्रुवारी
शेवटी माफी मागितली. अम्मी इस्त्री करत होती. म्हणाली, "तुझ्या चाचाच्या टोप्या मी वीस वर्सं विणतेय. कानावर जरा घट्ट झाली तरी परत आणणारा मानूस. तो म्हणतो, कसल्याबी चालतील! मला तवाच कळलं."
"मग गप्प का राहिलीस?"
"तू राहिलीस म्हणून." मग इस्त्री बाजूला ठेवली. "तारीख घे दवाखान्याची. आणि येताना दोरा आण, पांढरा. हे सगळं मोठ्यांच्या मापाचं हाय. पोरांसाठी टोपलीत एकबी न्हाय. त्या माझ्याकडनं."