कुंपणाची माझ्याकडची बाजू

मी, औषधांच्या दुकानात एकेचाळीस वर्षे पुड्या बांधलेला कंपाउंडर, वय बहात्तर, डोके शाबूत, हात थोडे कापतात, कोणाच्याही दबावाशिवाय खिडकीशी बसून हे लिहीत आहे. बाहेर प्रिव्हेटच्या झुडपांचे कुंपण वाऱ्यावर डुलते आहे, ते पाहताना लेखणी मधूनमधून थांबेल. वकिलांनी चालवून घ्यावे.

कलम १. वडिलांच्या घरातला माझा अर्धा भाग सामानासकट माझ्या भाचीला. तिला आम्ही चिमणी म्हणतो. आता ती चार मजली इमारती बांधते, तरीही.

कलम २. पितळी तराजू दुकानातल्या नव्या कंपाउंडरला. तो सगळे अंदाजपंचे करतो.

कलम ३. माझी शिडी समोरच्या शिंप्याकडे सोळा वर्षे आहे. ती मी त्यालाच देतो. मला पाहून रस्ता ओलांडायचे त्याचे कष्ट तरी वाचतील.

कलम ४. कुंपण. त्याच्या पलीकडच्या अर्ध्या घरात चिमणीची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण राहते. बारा वर्षे ती माझ्याशी बोललेली नाही.

चिमणे, नवी पालवी फुटण्याआधी खत घाल. आधी पाणी दे. मग बुंध्यापासून वीतभर लांब कुजलेल्या पाल्याचा थर, त्यावर दर पावलाला दाणेदार खताची अर्धी मूठ, आणि पुन्हा पाणी. थंडी तोंडावर आली की खत बंद. कोवळे कोंब गारठून मरतात.

अर्धीच मूठ का, ते सांगतो. एका वर्षी पानांच्या कडा करपल्या. मी गुडघे टेकून फांद्या बाजूला केल्या, तर पलीकडेही पांढरे दाणे पसरलेले. मुळे एकच, आणि आम्ही दोघे त्यांना पोटभर जेवू घालत होतो. पुढच्या वर्षी मी हात आखडला. तिनेही आखडला असावा, कारण कुंपण पिवळे पडले. तिसऱ्या वर्षी मी अर्धी मूठ टाकली आणि पलीकडून डब्याचा खुळखुळ ऐकला. तेव्हापासून कुंपण हिरवेगार आहे. पांढऱ्या फुलांचा वास येतो तेव्हा मला वाटते, आम्ही दोघे बोलतच आहोत.

त्या करपलेल्या पानांपाशी बसलो असताना मला आईची संध्याकाळची गोळी आठवली. ती आजारी असताना एकदा दोन दिवस झोपूनच राहिली. उठल्यावर हसून म्हणाली, "काय सुंदर बाग पाहिली रे!" त्यानंतर ती तीन वर्षे जगली. पण त्या दोन दिवसांत मी बहिणीला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "तू दुप्पट डोस दिलास." तिने एकच गोळी दिली होती. दुसरी तिला न विचारता मी दिली होती. मला तेव्हाच कळले होते. कंपाउंडरचा हात चुकला हे कबूल करायची मला लाज वाटली, आणि मी बहीण गमावली. ही चूक माझी होती. हे सर्वांना वाचून दाखवावे.

कलम ५. वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून बहिणीला मी मुद्दाम काहीच ठेवलेले नाही. दुसऱ्या साक्षीदाराची जागा तिच्यासाठी मोकळी आहे. चिमणी हा कागद घेऊन आता पलीकडे जाईल, आणि आईने हो म्हटले तर तिला आणि पहिले साक्षीदार म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांना इथे घेऊन येईल. मी खिडकीतच बसतो.

स्थळ: कुंपणाची माझ्याकडची बाजू
दिनांक: सात मार्च

सही: कंपाउंडर (दोन्ही साक्षीदारांसमोर)

साक्षीदार १: गल्लीतले दातांचे डॉक्टर. सही केली. शिडी दोन वर्षे माझ्याकडे आहे, शिंप्याकडे नाही.

साक्षीदार २: धाकटी बहीण. सही केली. गोळ्या मी त्याच दिवशी मोजल्या होत्या, दादा. तू कधी सांगतोस, एवढीच वाट पाहत होते. उद्या सकाळी खत घालायचे आहे. तुझा डबा राहू दे, माझ्यातले दोघांना पुरेल.