लिनेट सापडली

क्लिफर्ड,

लिनेट सापडली. सुखरूप आहे. तू अजून शेजाऱ्यांबरोबर तिला माळावर शोधतो आहेस, म्हणून लिहून ठेवते.

इन्स्पेक्टर पेलहॅमबाईंचा फोन आला होता. व्हिटबीला समुद्राकाठच्या एका बंद दुकानात ती झोपलेली होती, शाळेच्या गणवेशातच. मला रडू यायला हवं होतं. मी उठून किटली घासून ठेवली.

बाईंनी तिला फोन दिला. ती एवढंच म्हणाली, "आई, बाबा घरात आहेत का गं?" मी नाही म्हटलं, तेव्हा कुठे ती रडली.

मग बाईंनी विचारलं, "मिसेस हार्टली, घरात काय चालतं तुमच्या?" मी सगळं सांगितलं. तू तिला पट्ट्याने मारतोस, तेही.

मी तिच्याकडे निघाले आहे. आम्ही दोघी परत येणार नाही. संध्याकाळी बाई तुझ्याकडे येतील, दार उघड.

कालचा रस्सा पातेल्यात आहे, गरम करून घे. पण आधी त्या बिचाऱ्या माणसांना घरी पाठव, सकाळपासून भिजताहेत. पोरगी सापडली म्हणून सांग त्यांना. का गेली होती, तेही तूच सांग.

मॅविस