बांबूच्या पाठीवरच्या रेघा

४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. उशाला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि कंबरेत उसण, अशा अवस्थेत माणूस पत्र लिहीत नाही, नुसता पडून राहतो. असो. तुझे चिरंजीव खुशाल आहेत. तू नोकरीवर गेलीस तेव्हा माझ्या खांद्याला लागणारा मुलगा आता माझ्या टकलाचं वरून निरीक्षण करतो. मी त्याचं नाव बांबू ठेवलंय. पँटी उसवून उसवून लांब केल्या, आता उसवायला दुमडच उरली नाही. पलंगावर तिरका झोपतो, तरी पाय बाहेर. संस्कृतात त्याला एक रूप धड येत नाही, पण 'वर्धते' या क्रियापदाचं प्रात्यक्षिक तो रोज देतो.

एकच नवल. शाळेच्या तलावावर जीव टाकणारा हा मुलगा हल्ली पोहायचं नाव काढलं की अंग चोरतो. न्हाणीतून बाहेर येतो तो सदऱ्याची सगळी बटणं लावून. मी म्हटलं, इतक्यात वैराग्य आलं असेल तर माझ्याकडे ग्रंथ आहेत. हसला नाही. वयाची लाज असेल म्हणून विषय सोडला.

हॉस्पिटलच्या धुलाईघरात वाफेने हात सोलतात असं लिहिलंस, त्यांना काही लावतेस का? लोभ आहेच, तो चादरींबरोबर पिळून काढू नकोस.

तुझा
दादा

१३ मार्च

ती. दादास सा. न.

हे फोनवर विचारायला जीभ उचलेना, म्हणून लिहिते. काल मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. पोहण्याच्या सरांनी आपल्या बाळ्याला सदरा बदलताना पाहिलं. कंबरेच्या वर, पाठीवर, एकाखाली एक आडव्या तांबड्या रेघा आहेत म्हणे. कोणी मारलं विचारलं तर हा गप्प. घरी कोण असतं, असं बाईंनी विचारलं. मी सांगितलं, माझा भाऊ. बाई जरा थांबल्या, आणि दादा, मीही थांबले.

तू त्याला मारलंस का? तुझा स्वभाव मी जाणते. पण बाबांचा स्वभावही लोकांना चांगलाच वाटायचा. त्यांच्या पट्ट्याचा आवाज दाराआडून ऐकत मी मोठी झाले. तुझ्या पाठीवर उमटलेल्या बकलावर मीच मलम लावायची. दमलेल्या माणसाचा हात कधी उठतो ते त्याचं त्यालाही कळत नाही, आणि तू दमलायस हे तुझ्या अक्षरात दिसतं.

खरं असेल तर तसं लिही, मी येऊन त्याला घेऊन जाते. इथल्या खोलीत मूल ठेवू देत नाहीत, म्हणजे नोकरी सुटेल. सुटू दे. माझ्यावर राग धर, पण उत्तर लगेच धाड.

धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

नाही. मी त्याच्यावर हात उगारलेला नाही. आता बाकीचं.

रागावलो नाही असं म्हणणार नाही. दुपारी पत्र आलं, दिवेलागणीपर्यंत रागावलो, मग कंटाळलो. राग टिकवायला लागते ती ताकद या वयात उरत नाही. शिवाय तुझा प्रश्न रास्त होता.

बांबूला सदरा काढायला लावला. पाहिलं आणि दिवा जवळ ओढला. पट्ट्याचे वळ मला ओळखता येतात, आणि पहिल्या नजरेला ते तेच होते. पण वळ फुगलेला असतो. या रेघा हाताला किंचित खोलगट लागल्या, आणि दुखतही नाहीत म्हणाला. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि पहिला प्रश्न केला तो उंची किती वाढली हा. हाडं घाईत निघतात, कातडं मागे राहतं, ताणून आतली वीण तुटते. बायकांना गरोदरपणी पोटावर येतात त्याच या रेघा.

काही अंगाला चोळतो का, हे त्यांनी खोदून विचारलं, कारण काही मलमांनीही कातडं पातळ होऊन अशा रेघा उठतात. तेव्हा साहेब कबूल झाले. माझ्या स्वयंपाकघरातलं तेल रोज पाठीला. चादरी तेलकट का होतात हे कोडं सुटलं. आपली पाठ फाटत चाललीय असं त्याला वाटत होतं. मग बोलला का नाहीस म्हटलं, तर म्हणाला, आई लांब आहे आणि मामा दमलेला असतो. हे मला तुझ्या पत्राहून जास्त लागलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रेघा येऊच नयेत असा खात्रीचा उपाय नाही, बरंचसं रक्तातच असतं. तेलाने खाज थांबते, कातडं मऊ राहतं, इतकंच. तांबड्या आहेत तोवर डॉक्टरी मलमाने किंवा लेझरने थोडा फरक पडतो, पुरत्या जात नाहीत. वर्षा-दोन वर्षांत आपोआप फिकट होतील. ऊन मात्र लागू देऊ नये, भोवतीचं कातडं रापलं की त्या उठून दिसतात. हे सगळं लिहिलेली त्यांची चिठ्ठी शाळेत देऊन आलो. आरोपी म्हणून गेलो, चहा पिऊन आलो.

तू येऊ नकोस, नोकरी धर. लोभात काही तूट आली असेल तर सवडीने भरून काढ.

दादा

२३ मार्च

ती. दादास सा. न.

पत्र वाचून धुलाईघराच्या मागच्या पायरीवर बसून राहिले. मुकादमबाईंनी विचारलं, घरी कोणी आजारी आहे का. म्हटलं नाही, मुलगा उंच झालाय. माफी कशी मागायची ते तू कधी शिकवलं नाहीस, त्यामुळे तेवढी जागा कोरी समज.

माझ्या पोटावरच्या रेघा त्यानेच काढलेल्या. सासूबाईंच्या धाकाने सकाळ-संध्याकाळ तेल जिरवत होते, तरी आल्या. माझ्याशेजारी इस्त्री करते तिने गरोदरपणी बोटभर काही लावलं नाही आणि तिच्या पोटावर एक रेघ नाही. माझ्या आता पांढुरक्या झाल्यात, आठवणही राहत नाही. त्याला सांग, आईलाही आहेत.

तो पाण्यात उतरतो का, तेवढं कळव. त्याला जिवापाड आवडणारं तेवढंच आहे. तेही गेलं तर तिथे त्याचं मन कशात रमणार? तुझी माया त्याच्यावर राहू दे, मला उरलीसुरली चालेल.

धाकटी

१ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

उतरत नव्हता. आईलाही आहेत म्हटलं, तर म्हणे आई कुठे पोहते. सदरा घालूनच पोह म्हटलं, तर म्हणे सगळे विचारतील का घातलास. पोरगा तर्कात बरा आहे. रविवारी तलाव मोठ्यांनाही खुला असतो, तेव्हा मी म्हटलं, चल, मीही येतो.

मी चारचौघांत सदरा काढत नाही, आणि का काढत नाही हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. काठावर उभं राहून काढला. माझं पोट पाहून दोन-चार पोरं हसली, ते रास्तच होतं. बांबू माझ्या मागे उभा होता.  त्याने माझ्या पाठीला बोट टेकवून विचारलं, की मामा, तूही असाच भराभर वाढलास का. मी हो म्हटलं. मग विचारलं, की या कधीच जात नाहीत का. मी म्हटलं, फिकट होतात, दुखायच्या थांबतात, आणि पाण्याला त्यांचं काही नसतं.

त्याने आपला सदरा काढून माझ्या सदऱ्यावर टाकला आणि उडी मारली. मी शिडीने उतरलो. पाणी फार गार होतं.

सुट्टीत येशील तेव्हा तो तुला विचारील, मामा खरंच भराभर वाढला होता का. माझी उंची बघता पटणं कठीण आहे, तरी तू हो म्हण.

दादा